साडभाऊंचे ब्रेक

जगात वेगाने पळण्यासाठी स्पोर्ट्स कार घेणारे पुष्कळ असतील. थांबण्याच्या आनंदासाठी घेणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बुलडाण्याकडच्या धाड गावाजवळच्या मळ्यात शेडनेट उभारून मिरची-टमाट्याचं बियाणं पिकवणाऱ्या या पंचावन्न वर्षांच्या गृहस्थांची माणसं जोखण्याची कसोटी एकच: थांबता येतं की नाही. एसटीतून उतरले की ते ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन "मस्त थांबवली राजेहो, बाटलीतलं पाणी हाललं नाही," अशी पावती देतात. लग्नात सगळे नवरदेवाकडे बघत असताना यांचं लक्ष बँडवाल्यांकडे. "वाजवाले सगळ्यांलेच येते, साडभाऊ. मास्तरनं हात वर केला का सगळे एकदम बंद झाले पाह्यजेत. थो खरा बँड." गावातल्या एका सत्कारात वक्ता पाऊण तास आवरेना, तेव्हा हे भर सभेत उठून म्हणाले, "यायचं ब्रेक ऑइल बदला बरं कोणीतरी."

त्यांची गाडी लाल, दोनच माणसांची, पुण्याच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली आणि जमिनीला इतकी टेकलेली, की मळ्याच्या वाटेवर तिचं पोट घासतं. म्हणून ती मोठ्या रस्त्यालगतच्या शेडमध्ये राहते आणि वर्षातून दोनदा ट्रकवर चढून दक्षिणेतल्या रेसच्या ट्रॅकवर जाते. तिथे शर्यत नसते. ज्याने त्याने आपली गाडी मनसोक्त पळवायची. मागच्या वर्षी तिथल्याच एका वळणावर यांनी ब्रेक दाबला आणि पाय लोण्यात बुडावा तसा खाली गेला. गाडी सरळ वळणाबाहेरच्या खडीत जाऊन अर्ध्या चाकापर्यंत रुतली. यांना खरचटलंसुद्धा नाही. मी घाबरून फोन केला तर पलीकडून उत्साह ओसंडत होता. "ब्रेक ऑइल उकळलं, पॅडचा धूर निंघाला, डिस्कवर उन्हाळ्यातल्या वावरावानी भेगा पडल्या! लय शिकाले भेटलं, साडभाऊ!"

माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमची ताई, यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने गाडीची चावी कमरेला खोचली आणि एवढंच म्हणाली, "ब्रेक बदलल्याबिगर हे चावी भेटनार नाही. अन् पुढच्या खेपेले मी संग येईन." साडू दुसऱ्या दिवसापासूनच कामाला लागले.

ताईला त्यांनी एका चहात पसंत केलं होतं. ब्रेक पसंत करायला आठ महिने लागले. ओसरीवर तीन नमुन्यांच्या डिस्क, म्हणजे ब्रेकचे पॅड ज्यांना चिमटीत धरतात त्या लोखंडी चकत्या, मांडल्या: एक सपाट, एक भोकाभोकांची, एक तिरक्या खाचांची. येईल त्याला चहाच्या आधी मत द्यावं लागे. बियाणं बघायला आलेले साहेब, पत्रिका द्यायला आलेले जानेफळचे पाहुणे, कोणीच सुटलं नाही. बहुतेकांना भोकांची आवडायची. "पापड चांगले भाजतील याच्यावर," ताई म्हणाली. साडूंचंही मन तिकडेच झुकलेलं, कारण चाकाआडून ती फार देखणी दिसायची. तो मोह मोडला शेजारच्या काकांनी. काकांची सारी नोकरी एसटीवर, बुलडाणा-मोताळ्याचा घाट उतरवण्यात गेलेली. त्यांनी डिस्क परातीसारखी फिरवून पाहिली आणि म्हणाले, "भोकं रस्त्यावर ठीक. तुम्ही तर तिले लालभडक तापवनार. मंग तडा भोकापासूनच जाते. खाचांची घ्या. पॅडचा भुसा बाहेर निंघते अन् लोखंड शाबूत राह्यते." साडू उठले आणि काकांच्या पाया पडले.

पॅडच्या बाबतीत मात्र त्यांनी कोणाचं ऐकलं नाही. थेट शर्यतीचेच मागवले. हे तापल्याशिवाय धरत नाहीत, असं मिस्त्री बसवताना दोनदा बोलला होता. डिसेंबरातल्या एका गारठ्याच्या सकाळी, मला शेजारी बसवून, ते धाडच्या बाजाराला निघाले. वेग सायकलचा. बाजाराच्या तोंडाशी त्यांनी ब्रेक दाबला. गाडीने अशी किंकाळी फोडली की अर्धा बाजार वळून बघायला लागला. थांबली मात्र नाही. सावकाश, ओळखीच्या घरी शिरावं तशी पुढे गेली आणि मेथीच्या ढिगात नाक खुपसून उभी राहिली. ढिगामागची बाई जागची हललीसुद्धा नाही. "काऊन हो दादा," ती म्हणाली, "एवढी भारी गाडी, अन् थांबाले मेथी लागते काय?" साडूंनी सगळी मेथी घरी आणली. आठवडाभर त्यांच्याकडे मेथीची भाजी, मेथीचे पराठे आणि शांतता होती.

मग आले मधल्या जातीचे पॅड, गारव्यात धरणारे आणि ट्रॅकवरही दम टिकवणारे. सोबत जास्त उष्णता सोसणारं ब्रेक ऑइल. "थंडीतही ऐकते, तापल्यावरही ऐकते. असा स्वभाव माणसात भेटत नाही," ते म्हणाले. ताईने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. नवे पॅड डिस्कवर बसावेत म्हणून गाडी ऐंशीवर न्यायची, विसावर आणायची, पूर्ण थांबवायची नाही, आणि असं दहा वेळा करायचं. बुलडाण्याच्या रस्त्यावर आमचा हा उद्योग चालू असताना मागून येणारी जीप शेवटी बाजूला आली. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून विचारलं, "काका, तब्येत बरी हाये ना?"

फेब्रुवारीत आम्ही तिघे ट्रॅकवर गेलो. पहिल्या फेरीला ताई कठड्याला घट्ट धरून उभी होती. मागच्या वर्षीच्या त्या वळणाशी गाडी आली, वाकली, वळली, निघून गेली. पाच फेऱ्यांनी साडू परतले ते लहान मुलासारखे लाल झालेले. "थांबते! साडभाऊ, थांबते!" एवढं ओरडून ते बाहेर पडायला लागले आणि त्या बुटक्या गाडीतून निघता निघता त्यांचा गुडघा धरला. तो काही सुटेना. टायरच्या थप्पीवर त्यांना बसवलं. तोंड एवढंसं झालं होतं.

ताईने जरा वाट पाहिली. मग म्हणाली, "एवढ्या दूर आलो, अन् गाडी उभीच ठेवाची काय?" आणि त्यांच्या मांडीवरचं हेल्मेट उचललं. तिच्याकडे लायसन आहे. मळ्यातला ट्रॅक्टर आणि घरची मोटार तीच चालवते. तिथल्या माणसाने तिला नियम समजावले, एक फेरी शेजारी बसून दाखवली, आणि मग ती एकटी निघाली.

मी साडूंना धरून कठड्यापर्यंत नेलं. लांबून लाल ठिपका आला, मोठा झाला. वळणापाशी गाडीने नाक खाली घातलं, क्षणभर सगळा वेग जमिनीत जिरला, आणि ती अलगद वळून उतारापलीकडे गेली. साडूंची मान तिच्यामागे वळली. दुसऱ्या फेरीलाही तशीच. तिसरीला त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"एवढी देखणी हाये का हो हे?" ते हळूच म्हणाले. "एवढे वर्ष झाले, मी कधी दुरून पाह्यलीच नाही."

गाडीबद्दल म्हणाले की ताईबद्दल, हे मी विचारलं नाही. चौथ्या फेरीचा आवाज ऐकू यायला लागला होता, आणि गुडघा विसरून ते टाचा उंचावून बघत होते.