आयसाठी आंब्याचं दूध

आयला आमच्या नवीन पनवेलच्या फ्लॅटवर आणलं तेव्हा तिच्या नाकात नळी होती. गालाला चिकटपट्टीने डकवलेली, बारीक, पिवळट. तिला झटका आला त्या सकाळी ती करंजाच्या बंदरावर मासळीच्या लिलावात उभी होती. बोली पुकारता पुकारता तिची जीभ अडखळली आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. भाऊ बोट घेऊन समुद्रात होता. शेजारच्या बायकांनीच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

हॉस्पिटलमधून सोडताना डॉक्टर म्हणाले, डाव्या हातापायात हळूहळू ताकद येईल, पण गिळण्याचं काम घसा विसरलाय. तोंडाने काही द्यायचं नाही. पेज, दूध, औषधं, सगळं नळीतून.

हे मला वेगळं सांगायची गरज नव्हती. हॉस्पिटलमध्ये असतानाच भेटायला आलेल्या एका नातेवाइकाने दया येऊन आयला चमचाभर शहाळ्याचं पाणी पाजलं होतं. ते गेलं फुप्फुसात. दुसऱ्या दिवशी ताप, मग न्यूमोनिया, आणि सुटायला आलेली आय पुन्हा आयसीयूत. काचेतून तिची छाती वरखाली होताना मी बघत उभी होते. तेव्हापासून घरात कुणी ग्लासात पाणी ओतलं तरी मी मान वळवून बघायची.

मी शाळेत शिकवते, त्यामुळे मे महिन्याची सुट्टी होती. नवरा सकाळी ऑफिसला जायचा आणि घरात आम्ही दोघी. उकाडा असा की खिडकीची जाळीसुद्धा तापलेली. मी सिरिंजने नळीत दूध सोडायची आणि आय माझ्याकडे टक लावून बघायची. पोट भरायचं, पण तोंड कोरडं ते कोरडंच. जीभ पांढरी पडली होती.

"गो, एक घोट पानी दे," ती जड जिभेने म्हणायची.

"नाही ग आय, डॉक्टर नको म्हणालेत."

"डाक्टरला काय, त्याचं तोंड वलं हाय."

मी ओल्या कापसाने तिचे ओठ पुसायची. ती तो कापूस ओठांत धरायला बघायची आणि मी घाबरून हात मागे घ्यायची.

गिळण्याचे व्यायाम शिकवायला एक थेरपिस्ट मॅडम घरी यायच्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण आवाज शांत. एके दिवशी त्यांनी आयच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून तिला नुसती लाळ गिळायला सांगितली, खोकायला लावलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता तोंडाने थोडं सुरू करू या."

"पाणी?" मी विचारलं.

"पाणी नाहीच. पाणी सगळ्यात धोक्याचं, ते पळतं. घट्ट असलं की घशाला तयारीला वेळ मिळतो. आजींना काय आवडतं?"

मी उत्तर देण्याआधीच आय म्हणाली, "आंब्याचा दूध."

मॅडम हसल्या. मग त्यांनी मला नीट समजावलं. पिकलेल्या आंब्याचा गर जास्त, दूध अगदी कमी. चमचा कलता केला तर धार लागता कामा नये, मध ओघळतो तसं सावकाश खाली यायला हवं. एकही धागा नको, गुठळी नको. बर्फ किंवा आइस्क्रीम अजिबात नको, कारण ते तोंडात विरघळून पाणी होतं. दूध तापवून फ्रिजमध्ये गार केलेलं चालेल. पहिल्यांदा त्यांनी स्वतः गर गाळून, समोर बसून दोनच चमचे दिले. काही झालं नाही. "उद्यापासून तुम्ही द्या," असं सांगून त्या गेल्या.

आंब्याचं मिल्कशेक मी शेकडो वेळा केलं असेल. फोडी, दूध, साखर, बर्फ, मिक्सरचं बटण, संपलं. मुलं लहान असताना त्यांच्या वाढदिवसांना पातेली भरभरून केलंय. पण दुसऱ्या दिवशी हापूसचं नुसतं साल काढायलाच मला दहा मिनिटं लागली. गर मिक्सरमध्ये फिरवला, चाळणीतून घासला, वर पुन्हा मलमलीच्या फडक्यातून गाळला. दूध घातलं तर पातळ झालं. आणखी आंबा घातला. मग वर फेस दिसला, तो बसेपर्यंत ओट्याशी उभी राहिले. चमचा कलता करून बघत राहिले. हे मधासारखं आहे की नाही? घरातला मध काढून शेजारी दुसऱ्या चमच्यातून ओतून बघितला. आतून आयची हाक आली, "आंबा पिकवतेस का गो झाडावर?"

तिला खुर्चीत ताठ बसवलं, पाठीशी उशा लावल्या. चमच्याच्या टोकावर थोडंसं. हनुवटी खाली. गिळलं. पुन्हा एकदा कोरडं गिळलं. "आ म्हण," मी सांगितलं. आवाज घोगरा, ओलसर आला तर थांबायचं होतं. आवाज स्वच्छ आला. आयने डोळे मिटले होते. इतक्या आठवड्यांनी तिच्या जिभेला मनासारखी चव मिळत होती, तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं, पण मला ते बघायची फुरसत नव्हती. माझे डोळे तिच्या गळ्यावर खिळलेले.

अर्धी वाटी गेली असेल, तेवढ्यात माझा फोन वाजला. भावाचा होता. आयने स्क्रीनवरचं नाव ओळखलं, मान वळवली आणि तोंडात घास असतानाच "कुठं हाय तो?" म्हणायला गेली. घास चुकीच्या वाटेने गेला. ती खोकायला लागली. तोंड लाल झालं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, उजव्या हाताने तिने माझं मनगट असं आवळलं की नखं रुतली. मी तिला पुढे वाकवून धरलं. शेवटी एक मोठा खोकला आला आणि आंबा माझ्या खांद्यावर उडाला.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "खोकून बाहेर टाकलं ना? चांगली गोष्ट आहे. ताप बघत राहा आणि चालू ठेवा. फक्त खाताना बोलणं, फोन, टीव्ही सगळं बंद."

ताप मी इतक्या वेळा बघितला की आय थर्मामीटर दिसला की तोंड फिरवायची. ताप नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंब्याला हात लावला नाही. नळीतून दूध दिलं. आयने विचारलं, "आज नाय?" मी म्हटलं, "उद्या बघू."

दुपारी मी कपडे वाळत घालून आत आले तर आय पलंगावर शांत पडली होती आणि नळी तिच्या उजव्या हातात होती. अख्खी बाहेर ओढलेली. नाकाखाली रक्ताचा थेंब.

"आय! काय केलंस हे?"

"गळाला लागलेल्या माशासारखी किती दिस जगू?" ती म्हणाली.

मी नळी घालायला येणाऱ्या सिस्टरना फोन लावला. त्या संध्याकाळशिवाय येऊ शकत नव्हत्या. आयच्या रक्त पातळ करायच्या गोळीची वेळ झाली होती, तीही आजवर नळीतूनच जायची. मॅडम म्हणाल्या, "गोळी बारीक कुटून आंब्याच्या घट्ट गरात द्या. आणि दुपारचं तोंडानेच द्या, तिथपर्यंत आपण आलोच होतो. मी क्लिनिक संपवून येते." मी विचारलं, "पुन्हा अडकलं तर?" त्या म्हणाल्या, "सावकाश द्या. घाई फक्त तुम्हालाच असते, आजींना नाही."

मी स्वयंपाकघरात गेले आणि वीज गेली. मिक्सर बंद. रडू यायला लागलं होतं, पण रडत बसले असते तर आंबा तसाच राहिला असता. माळ्यावरून पुरणयंत्र काढलं, बारीक जाळी लावली आणि गर त्यातून फिरवला. धागे वरच राहिले, खाली मऊ गर उतरला. तो फडक्यातून दाबून काढला. गार दूध चमच्याने एकेक घालत गेले. कोपरापर्यंत हात चिकट झाले होते. मिक्सर नसल्यामुळे फेस मुळीच आला नाही, तेवढी एक काळजी कमी. पहिल्या चमच्यात कुटलेली गोळी कालवली.

चमचा आयच्या तोंडाशी नेला तर तो थरथरत होता. तिने तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"आन इकडं," ती म्हणाली आणि चमचा माझ्या हातातून काढून घेतला.

उजव्या हाताने तिने स्वतः तो तोंडात घातला. तोंड मिटलं. हनुवटी छातीला लावली. गिळलं, थांबली, पुन्हा गिळलं, आणि मी सांगायच्या आधीच मोठ्याने "आ" केलं. मग पुढचा चमचा भरला. लिलावात भाव पडू नये म्हणून ती जशी मुद्दाम वेळ काढायची तशीच बसली होती, कुणाचीही पर्वा न करता. मी वाटी धरून समोर जमिनीवर बसले होते. पंखा बंद, घाम पाठीवरून ओघळत होता, आणि तिच्या प्रत्येक घोटाबरोबर मीही गिळत होते. मध्ये एकदा ती थांबली, भुवया आक्रसल्या.

"काय झालं?"

तिने हात वर करून मला गप्प केलं. गिळून झाल्यावर म्हणाली, "साखर जास्त झाली."

मी साखर घातलीच नव्हती. पण वाद घातला नाही. तिने वाटी संपवली, मग चमच्याने कडा खरवडल्या.

संध्याकाळी मॅडम आल्या. छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. मी दारात उभी. "छाती स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "मी डॉक्टरांशी बोलते. सध्या नळी नको घालायला. दिवसातून थोडं थोडं, असंच घट्ट. वजन आणि ताप बघत राहू." सिस्टर आल्या होत्या त्या नळीचं पाकीट न उघडताच परत गेल्या.

पुढचे दोन आठवडे बाजारातले आंबे मी वास घेऊन, दाबून, देठाशी बघून निवडत होते. मग चिकू आला, मग केळं. हळूहळू दूध वाढत गेलं आणि गर कमी होत गेला. पावसाळा तोंडावर आला तेव्हा मासेमारी बंद झाली आणि भाऊ आयला न्यायला आला. तोवर ती मऊ भात कालवून खात होती. पाणी मात्र अजून घट्ट करूनच. भावाने मला विचारलं, "आता काळजी नाय ना?" मी "नाही" म्हटलं. ते खरं नव्हतं.

गाडीत बसताना आयने काच खाली केली. मला वाटलं काही मायेचं बोलेल.

"पुढच्या येळेला येशील तवा," ती म्हणाली, "आंबे आनू नको. आमची बोट बंद, बोंबील आन."