पुस्तकातला पाऊस आणि आमचा

आमच्या घरात कॉलेज शिकलेली पहिली मी. हे मी कुणी न विचारताच सांगते. अप्पा इथेच, तंजावरजवळच्या ओरत्तनाडूला, सरकारी ऑफिसात शिपाई होते. घरात मराठी सगळे बोलायचे, वाचायचं कुणी नाही. हिंदीच्या परीक्षा देता देता मी देवनागरी अक्षरं शिकले आणि मराठी वाचायला लागले. एवढं करूनही माझी आठ वर्षांची लेक, मी मराठीत विचारलं की उत्तर तमिळमध्ये देते. कळतं सगळं, तोंडातनं येत नाही. ती बोलली नाही तर आमची भाषा माझ्यापाशीच थांबणार, हा माझा घोर.

पुण्याच्या धाकट्या जावेनं ऋतूंच्या बालकवितांचं पुस्तक पाठवलं. वर फोनवर म्हणाली, "वहिनी, तुमचं मराठी ऐकलं की नाटकातल्या राणीसाहेब बोलतायत असं वाटतं! रविवारी व्हिडिओ कॉलवर पोरीची कविता ऐकू."

झालं. मी पदर खोचला.

हिवाळ्याच्या पानावर स्वेटर घातलेला मुलगा शेकोटीपाशी बसलेला. लेक तमिळमध्ये म्हणाली, "ह्याला ताप आलाय?" मी पान उलटलं. आषाढात बेडूक छत्री घेऊन शाळेला निघालेला.

"आषाढ कधी असतो?"

"आत्ताच चालू आहे."

तिनं खिडकीतनं बाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीत मिरच्या कडकडीत वाळत होत्या. "पोय," ती म्हणाली. म्हणजे खोटं. तरी मुरुक्कूची, म्हणजे आमच्याकडच्या चकलीची, लाच देऊन मी बेडूक पाठ करून घेतला.

रविवारी काकू फोनवर आली. लेकीनं दोन ओळी म्हटल्या आणि थांबली. विसरली, असं वाटून मी खुणा करू लागले.

"काकू, हे खोटं आहे," ती चक्क मराठीत म्हणाली. "आमच्यात आता ऊन. पाणी कालव्यातनं येतं, वरनं नाही येत. पाऊस दिवाळीला. फटाके भिजतो."

"दिवाळीला कसला गं पाऊस? दिवाळीत थंडी असते!"

"तू येऊन बघ की! ऊन आलं की आम्ही फटाके सुपात घालून गच्चीत वाळवतो."

"फटाके? सुपात? पापडासारखे?"

"होय! पापडासारखेच!"

भिजतो नव्हे, भिजतात, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी तिचाच मुरुक्कू स्वतःच्या तोंडात कोंबला. काकू पुण्याची थंडी सोडेना, ही आमचा पाऊस सोडेना. बेडूक कुणाच्या लक्षातही नव्हता. शेवटी काकूचा कुकर झाला आणि तिनं फोन ठेवला.

लेक फणफणत माझ्याकडे वळली. "अम्मा, काकूला काहीच ठाऊक नाही. आणि तू काय खातेस? तो माझा आहे."

सगळं मराठीत. मी उरलेला तुकडा गुपचूप तिच्या हातावर ठेवला.