कमानीखाली उभे राहण्याची रीत

आम्ही निवृत्त शिक्षिका एकत्र जमलो, की चहा येण्याआधीच चर्चचा विषय निघतो. आणि एकीचा किस्सा पुरा होण्याआधी दुसरीला तिसरा आठवतो. बुलढाण्याची आमची कन्याशाळा त्या चर्चच्या कुंपणाला लागूनच होती. काळ्या दगडांच्या जाड भिंती, उंच निमुळत्या खिडक्या, सागवानी छत आणि दर्शनी दारावर टोकदार कमान! महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते, आणि मीही नुकतीच नोकरीला लागले होते.

*

इतिहासाच्या तासाला मी मुलींना तिथे नेले आणि विचारले, “ही वास्तू कोणी बांधली?”

“इंग्रजांनी!” पहिल्या रांगेने एका सुरात सांगितले.

“नाई बाई, माह्या आज्यानं!” उंद्रीची सुमन ठसक्यात म्हणाली. “त्यानं रेती वाह्यली!”

मग काय! दुसरीच्या आजोबांनी चुना मळला, तिसरीच्या आजोबांनी दगड घडवले. तास संपेपर्यंत इंग्रजांच्या वाट्याला फक्त घंटा उरली!

*

जाड भिंतींमुळे उन्हाळ्यातही आत गारवा असे. मे महिन्यात कचेरीतली वकील मंडळी दुपारी “वास्तुकला पाहायला” येत आणि बाकांवर आडवी होत. चर्चचे पाद्रीबाबा मोठे सोशिक. एकदा मात्र त्यांनी एका घोरणाऱ्या वकिलांना हलवून अदबीने विचारले, “साहेब, छत डोळे मिटूनच जास्त चांगले दिसते का?”

*

पुढे पिंपळाच्या मुळांनी दाराची कमान फोडली. चर्चच्या पंचांमधले सर्वांत ज्येष्ठ दावीदकाका. त्यांना तिथे कमानीऐवजी सिमेंटचे सपाट लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, हवे होते.

“राज्य नवं, सिमेंट नवं, मंग कमान काऊन जुनी?”

“कमान काढली, तर चर्च कापसाच्या गोदामासारखे दिसेल,” पाद्रीबाबा म्हणाले.

“गोदाम पडत तरी नाई!”

शेवटी गवंडी हुसेनचाचांना एकच संधी द्यायचे ठरले. कमान पुन्हा जुळली तर ठीक. खचली तर लिंटेल, आणि चाचांना पुन्हा त्या आवारात काम नाही.

*

काम चालू असताना कमानीला खालून लाकडांचा आधार दिलेला होता. त्यातच अमडापूरचे एक लग्न आले. नवरीची आई अडून बसली, “त्या लाकडांखालून माही पोर जानार नाई!”

म्हणून नवरीला मागच्या दाराने आणायचे ठरले. पण ते वऱ्हाडाला सांगायचे राहून गेले. सगळे मुख्य दाराकडे तोंड करून उभे, स्वागताचे गीत जोरात चाललेले. तिसरे कडवे संपले तरी नवरीचा पत्ता नाही!

अखेर वेदीजवळ उभी असलेली नवरीच खोकली.

*

आणि मग तो दिवस. कमान पुरी झाली होती. आता आधाराची लाकडे काढायची होती. मुलींना वर्गात बसवून ठेवणे अशक्यच होते, म्हणून अख्खी शाळा कुंपणाशी उभी.

हुसेनचाचा शांतपणे चालत गेले आणि कमानीच्या बरोबर खाली उभे राहिले.

“चाचा, तिथं काऊन उभे राह्यले?” सुतार घाबरून म्हणाला. “बाजूले व्हा ना!”

“ज्यानं बांधली, त्यानं खाली उभं राहाव, मंग लाकडं काढाव. आमच्या घरची रीत हाय. तू ठोक.”

आवाज खणखणीत होता. पण ओठ सुकलेले आम्हांला दिसत होते.

पाद्रीबाबा चाचांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

“बाबा, ही रीत गवंड्याची हाय,” चाचा पुटपुटले.

“हट्ट माझा होता,” बाबा म्हणाले.

सुताराने पहिली पाचर सैल केली. वरून थोडा चुना झडला.

“थांब बे!” दावीदकाका ओरडले.

सगळे जागच्या जागी थिजले. काका तरातरा पुढे आले, त्या दोघांच्या मधोमध घुसले, काखेतली छत्री उघडून तिघांच्याही डोक्यांवर धरली आणि सुताराला म्हणाले, “हं, काढ आता!”