व्हर्ना स्टॅलर्डच्या फ्रीजमधले वाटाणे

आमच्या हार्लो फोर्क गावात दर जूनमध्ये मुलं वाटली जातात. हे सगळं चर्चच्या हॉलमध्ये होतं. एका बाजूला बटाट्याच्या सॅलडची भांडी आणि त्यामागे गावातल्या बायका, दुसऱ्या बाजूला कडक इस्त्रीच्या शर्टांत अवघडून उभी असलेली अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. कोणाच्या घरी कोण राहणार हे पाद्रीबाबा वाचून दाखवतात, पण ते नावालाच. खरी निवड सॅलड वाढतानाच होऊन जाते. कोण किती खातो, कोण 'थँक यू मॅडम' म्हणतो, कोणाचे खांदे रुंद आहेत, हे सगळं बायका वाढता वाढता बघून घेतात. गुरांच्या बाजारात याहून जास्त संकोच असतो.

ही पोरं बेसबॉलची. उत्तरेकडचा एक बडा क्लब दर वर्षी देशभरातून कोवळी पोरं उचलतो आणि पहिल्या उन्हाळ्यात आमच्याकडे पाठवतो. शिडीची सगळ्यात खालची पायरी म्हणजे आमचं गाव. इथे जो टिकला तो वरच्या गावी, तिथून आणखी वर, आणि नशिबाने साथ दिली तर कधीतरी त्या मोठ्या शहरातल्या मोठ्या मैदानावर. बहुतेक जण आमच्याच बस स्टँडवरून घरी परततात. पण एखादा पोहोचला, तर त्याच्या आईपेक्षा जास्त मान तो ज्या घरी जेवला त्या घराला मिळतो.

लोराइन कँट्रेलचं उदाहरण घ्या. तिच्याकडे राहिलेला डॅनी वर पोहोचला. तेव्हापासून तिच्या पियानोवर डॅनीचा फोटो आहे. तिथे पूर्वी तिच्या नवऱ्याचा फोटो होता, तो आता न्हाणीघराच्या बोळात लटकतो. नवरा अजून जिवंत आहे आणि रोज स्वतःच्या फोटोसमोरून टॉवेल घेऊन जातो. त्याची काही तक्रार नाही. तक्रार करायची सोय त्या घरात कधीच नव्हती.

आणि तिच्या समोरच्या घरात व्हर्ना स्टॅलर्ड. नवरा एस्टिल खाणीची धूळ फुप्फुसात भरून गेला, मूलबाळ नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात अख्ख्या गावाला तिने वाढलं. एस्टिल गेल्यापासून ती दर उन्हाळ्यात एक पोर घरी ठेवायची, पण तिच्याकडचं एकही पोर कधी वर गेलं नाही. एकाला गावाकडच्या प्रेयसीची आठवण छळायची, तो जुलैतच लग्न करायला पळाला. एकाला वळणारा चेंडू शेवटपर्यंत कळला नाही. एक तर बिअरसकट सापडला, तेही पाद्रीबाबांच्या गाडीत.

होबार्ट मलिन्सच्या केस कापायच्या दुकानात हा आमचा आवडता विषय होता. व्हर्ना खिडकीसमोरून गेली की होबार्ट कात्री थांबवून हाक मारायचा.

"व्हर्ना, पोरांना ठेवतेस त्या खोलीचं काहीतरी कर बाई. पाद्रीबाबांना बोलावून पाणी तरी शिंपडून घे."

"आपण बाप्टिस्ट, होबार्ट. आपल्यात बाप्तिस्म्याला शिंपडून भागत नाही, बुडवावं लागतं."

"मग खोलीच नदीत बुडव."

"आधी तुझी कात्री बुडवते. गेल्या खेपेला माझ्या भाच्याचं डोकं केलंस ते बघून कोंबड्या पळाल्या."

हसून पुढे जायची. पण वळणावर लोराइनचं घर लागलं की तिची मान आपोआप पलीकडे वळायची, हे आम्ही सगळे बघत होतो आणि त्यावरही हसत होतो.

त्या जूनमध्ये तिच्या वाट्याला ओरिन बॉस्टिक आला. जॉर्जियाच्या दक्षिणेकडचा, बाप लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवायचा. ओरिन इतका उंच की पलंगाबाहेर आलेल्या पायांखाली व्हर्नाने स्टूल ठेवलं. बोलायला कमी, खायला भरपूर. 'मिस व्हर्ना' म्हणायचा, आणि मऊ पावासारख्या गरम बिस्किटांवर ग्रेव्ही ओतताना आपल्या घरी आहोत अशी ओतायचा. आणि चेंडू टाकायचा म्हणजे काय. पहिल्याच सामन्यात त्याने टाकलेला चेंडू दिसलाच नाही, फक्त झेलणाऱ्याच्या हातमोज्यात वाजलेला ऐकू आला. तिसऱ्या ओळीतल्या म्हाताऱ्यांनी तंबाखू चघळायची थांबवली. कुंपणामागे वेग मोजायची बंदूक घेऊन बसलेल्या माणसाने ती हलवून पाहिली, बिघडली की काय म्हणून.

जुलै उजाडेपर्यंत गावाचं ठरून गेलं होतं. ऑगस्टमध्ये ओरिन वरच्या गावी जाणार. लोराइन चर्चमध्ये म्हणाली, "चांगलाय गं तुझा मुलगा. माझा डॅनीसुद्धा सुरुवातीला असाच होता." तो 'सुरुवातीला' व्हर्नाला दोन रविवार पुरला. त्याच आठवड्यात तिने सोफ्यावरच्या भिंतीत, एस्टिलच्या फोटोशेजारी, एक नवा खिळा ठोकला. शेजारीच हं. एस्टिलला तिने हलवलं नव्हतं.

मग एका सकाळी मक्याच्या पावाबरोबर वाटाणे करावेत म्हणून तिने फ्रीजमधली गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी काढली, तर आतला अख्खा वाटाणा दगडासारखा एकसंध झाला होता. विरघळून परत गोठला की वाटाणा असा होतो. दुसरी पिशवीही तशीच. व्हर्नाने स्वयंपाकघरात आयुष्य काढलं होतं, तिला फार विचार करावा लागला नाही. ती टेबलाशी वळली. ओरिन बिस्किटाला लोणी लावत होता, डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

"कधीपासून दुखतंय?" तिने विचारलं.

"काय?"

"माझे वाटाणे, ओरिन. माझ्या वाटाण्यांना कोपरावर कधीपासून बांधतोस?"

त्याने सुरी खाली ठेवली. मग म्हणाला, "मिस व्हर्ना, कोणाला सांगू नका. दुखतंय कळलं की घरी पाठवतात. आमच्याकडच्या एका पोराला असंच पाठवलं. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. वर गेलो की मग सांगेन, तिथे चांगले डॉक्टर असतात."

"आणि हात तुटला तर?"

"नाही तुटत. नुसता ठणकतो." आणि हसून, "तुम्ही मला आवडत नाही म्हणून घालवायला बघताय काय?"

आता या ठिकाणी व्हर्नाने काय करायला हवं होतं हे गावात कोणालाही विचारा, सगळे तत्काळ सांगतील. नंतर सांगायला आम्ही सगळेच तयार असतो. त्या सकाळी तिने त्याच्या पुढ्यातलं बिस्किट उचललं, स्वतः लोणी लावलं आणि परत ठेवलं. म्हणाली, "बरं. पण वाटाणे मी आणून देईन. माझ्या स्वयंपाकाच्या पिशव्यांना हात लावायचा नाही."

संघाचा मॅनेजर बक लॅनियर. बरीच वर्षं आमच्याकडे काढलेला, ढेरपोट्या, आणि दिसतो त्याहून शहाणा. ओरिनच्या चेंडूचा वेग उतरायला लागला तसा तो एका दुपारी व्हर्नाच्या पायरीवर येऊन बसला. तिने बर्फ घातलेला चहा दिला.

"पोरगा जेवतो का नीट?" त्याने विचारलं.

"माझ्या घरी न जेवलेला कोणी पाहिलायस?"

"झोपतो?"

"घोड्यासारखा."

बकने ग्लासातला बर्फ गोल फिरवला. "व्हर्ना, त्याचा हात दुखतोय का? पोरं मला सांगत नाहीत. माझ्यासमोर मरतील, पण सांगणार नाहीत. घरी मात्र लपत नाही."

जाळीच्या दारातून आतली भिंत दिसत होती. एस्टिल आणि शेजारचा रिकामा खिळा. व्हर्नाने लग्नानंतर एस्टिललाही कधी खोटं सांगितलं नव्हतं, एकदा गाडीला पोचा आला तेवढं सोडून.

"नाही," ती म्हणाली. "काही दुखत नाही त्याला. दमलाय जरा."

"बरं," बक म्हणाला, आणि चहा अर्धा टाकून उठला.

पुढचे सामने आम्ही सगळ्यांनी पाहिले. चेंडू आता दिसायला लागला. आम्हाला दिसला म्हणजे समोरच्या पोरांना भोपळ्याएवढा दिसत असणार. बंदुकीवाल्याने बंदूक पिशवीत घातली. होबार्ट दुकानात म्हणाला, "खोलीनं घेतलाच शेवटी." कोणी हसलं नाही, मग तोही केस कापायला लागला.

आमच्याकडे एक रीत आहे. कोणा पोराला काढायचं असलं की मॅनेजर आधी त्या घरी सकाळी फोन करतो आणि एवढंच विचारतो, पोराचे कपडे वाळले का. पूर्वी एक पोर बॅगेत ओले कपडे भरून टेक्सासपर्यंत गेलं होतं, तेव्हापासूनची ही माणुसकी. गावातल्या प्रत्येक बाईला त्या प्रश्नाचा अर्थ ठाऊक आहे. धुणं दोरीवर असताना फोन वाजला की बायका आधी दोरीकडे बघतात.

"व्हर्ना," बकचा आवाज आला, "ओरिनचे कपडे वाळले का?"

"अजून ओले आहेत," ती म्हणाली. ते खडखडीत वाळले होते. "बक, ऐक. त्याचा हात दुखतोय. पहिल्यापासून दुखतोय. मी तुला खोटं सांगितलं."

पलीकडून दमलेला श्वास ऐकू आला. "व्हर्ना, मला या फोनवर दर वेळी हेच ऐकायला मिळतं. लोराइन म्हणते तिच्या पोराला ताप होता, दुसरी म्हणते पोराची आजी वारली. तू तरी असं करशील असं नव्हतं वाटलं."

"मी खरं सांगतेय."

"खरं असतं तर मला त्याला काढताच आलं नसतं. दुखावलेल्या पोराला क्लब घरी पाठवू शकत नाही, तसा नियमच आहे. ऑपरेशन क्लब करतो, पगार चालू राहतो, पुढच्या उन्हाळ्यात परत उभा करतात. म्हणून तर मी तुझ्या पायरीवर येऊन बसलो होतो, बाई."

तिने फोन ठेवला आणि दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला गेली.

काढलेल्या पोराला बक स्वतःच्या गाडीतून बस स्टँडवर सोडतो. त्याने फाटकाशी गाडी उभी केली. ओरिन आत येऊन बॅग घेऊन बाहेर आला, डाव्या हातात. व्हर्ना पायरीवर आडवी उभी.

"सांग त्याला," ती म्हणाली. "कोपर दाखव. सांगितलंस तर इथेच राहशील, बरा करतील तुला. बकनेच सांगितलंय."

ओरिनने आधी तिच्याकडे पाहिलं, मग बककडे. त्या पोराच्या डोक्यात काय हिशेब झाला ते नंतर आम्हाला उमगलं. नियम वगैरे त्याला पटलेच नाहीत. मोठी माणसं जाताना गोड बोलतात एवढंच त्याला ठाऊक. दुखऱ्या हाताचा म्हणून नाव झालं तर दुसरा कुठलाच क्लब बोलावणार नाही. धडधाकट म्हणून गेला तर कोणीतरी बोलावेल. त्याने बॅग खाली ठेवली, उजवा हात सरळ डोक्यावर उचलला आणि हसला. कपाळावर घाम आला होता, पण ऑगस्ट होता, घाम सगळ्यांनाच होता.

"काही नाही हो, सर. सकाळी डॉक्टरांनी तपासलं तेव्हाच सांगितलं ना, काही दुखत नाही. मिस व्हर्नाला माझा लळा लागलाय, दुसरं काय."

बक टोपी काढून डोकं खाजवत राहिला. "चल रे," एवढंच म्हणाला. तिच्याकडे त्याने पाहिलं ते रागाने नव्हतं. रागाने पाहिलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

ओरिनने वाकून तिच्या गालाला गाल लावला. कानाशी हळूच म्हणाला, "शब्द पाळायचा होता ना, मिस व्हर्ना." आणि गेला.

कोणी बोलावलं नाही त्याला. होबार्टचा पुतण्या एकदा जॉर्जियातून माल आणायला गेला होता, त्याने सांगितलं, ओरिन बापाचाच ट्रक चालवतो. उजवं कोपर पूर्ण सरळ होत नाही. ओळख दाखवली तेव्हा डाव्या हाताने हात मिळवला आणि व्हर्नाची चौकशी केली. तो हे दुकानात सांगत होता तेव्हा व्हर्ना खिडकीबाहेरून चालली होती. होबार्टने हाक मारली नाही.

पुढच्या जूनमध्ये व्हर्नाने ओहायोचा एक पोरगा ठेवला. त्याला डास चावला तरी ती बकला फोन करायची. शिंक आली तर फोन, लंगडला तर फोन, एकदा पोरगा उशिरा उठला म्हणून थेट मैदानावरच गेली. बक दर वेळी डॉक्टरला पाठवायचा आणि दर वेळी काहीच निघायचं नाही. पोरांत बोलणं झालं, स्टॅलर्ड बाईच्या घरी राहू नका, तिथे पोटातला वारासुद्धा ऑफिसात पोहोचतो. त्यानंतरच्या वर्षी चर्चच्या हॉलमध्ये ती नेहमीच्या भांड्यामागे उभी राहिली, पोरं लोराइनच्या रांगेत गेली, आणि पाद्रीबाबांच्या वाचनात तिचं नाव आलं नाही. सॅलडही उरलं. आम्ही चेष्टा केली. आता तो विषय कोणी काढत नाही, पण तेव्हा केली.

बक आता निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेला. व्हर्ना मात्र अजून प्रत्येक सामन्याला येते, चेंडू टाकणाऱ्या पोराच्या बाकाच्या अगदी जवळच्या जागी बसते. चेंडू बघत नाही. डाव संपून पोरगा बाकावर बसला, पाण्याच्या पेल्याकडे त्याचा हात गेला, की ती मान पुढे करते. उजव्या हाताने उचलला तर मागे टेकते. गेल्या महिन्यात एका पोराने डाव्याने उचलला. व्हर्ना उठली, पायऱ्या उतरून कुंपणाशी गेली आणि नव्या मॅनेजरला हाका मारू लागली. तो तिशीतला, कानात काहीतरी घालून कागद चाळत होता. त्याने राखणदाराला विचारलं, ही बाई कोण.

राखणदार आमच्याच गावचा. तो म्हणाला, "मिस व्हर्ना आहे. तशी चांगली आहे. पोरांचा लळा लागतो तिला."

मॅनेजरने हसून तिला हात केला आणि त्या पोराला पुढच्या डावासाठी मैदानात पाठवलं. व्हर्ना कुंपणाची जाळी धरून उभी राहिली. मागून कोणीतरी ओरडलं, बाई, बसा खाली, दिसत नाही आम्हाला.

ती बसली नाही.