घाटावरच्या भिंतीशी घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या घरी त्या काळी चूल पेटणार की नाही हे समुद्र ठरवत असे. वडील रापणीला जात. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. जो ओढील त्याला मासळीचा वाटा. माणूस आजारी पडला की वाटा बंद. मी आठवीत असताना वडिलांच्या छातीत पाणी झालं आणि त्यांनी अंथरूण धरलं. सकाळच्या पेजेतली शितं विरळ होत गेली तेव्हा मी समजलो की आता शाळा सोडून दोर धरायचा. किनाऱ्यावर गेलो तर वडिलांच्या जागी शेजारचा भिवा उभा. माझ्याच वयाचा, माझ्याच बाकावरचा. त्याचे वडील आदल्या वर्षी होडीसकट गेले होते. मला म्हणाला, "तू शाळेत जा. माझ्या डोक्यात तसाय काय शिरणा नाय." वडील बरे होईपर्यंत आमचा वाटा तो ओढत राहिला, आणि त्याची शाळा सुटली ती सुटलीच. मी शिकलो याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण मी शिकलो तो भिवाच्या खांद्यावर बसून, हेही तितकंच खरं.

गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता आणि आपल्या बाजूला दारूबंदी. पावसाळ्यात रापण बंद असताना कोणीतरी भिवाला एक गाठोडं गोव्याच्या हद्दीवरून बांद्याच्या अलीकडे पोचवायला दिलं. आत बाटल्या आहेत हे त्याला ठाऊक होतं. घरात आई उपाशी आहे हे त्याहून जास्त ठाऊक होतं. नाक्यावर तो सापडला. गाठोडं देणारे पसार झाले. निकालाआधी आम्ही गावच्या रवळनाथाला कौल लावला. गुरवाने देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या आणि उजवी आधी पडली. उजवी म्हणजे होकार. भिवा सुटणार, असं म्हणत सगळे हसत घरी आले. पण कोर्टाने सांगितलं, मुलाला बाप नाही, आई दिवसभर पाटी घेऊन मासे विकत फिरते, तेव्हा याने अठरा वर्षांचा होईपर्यंत घाटावरच्या सरकारी सुधारशाळेत राहावं. गावात तिला 'पोरांचो तुरुंग' म्हणत. त्या दिवसापासून मी देवळाची पायरी चढायचं सोडलं. जो देव होय म्हणतो आणि नाही करतो, त्याच्याशी माझं बोलणं उरलं नव्हतं.

सुधारशाळेचे नियम कडक होते. पत्र फक्त आईबापांचं, तेही महिन्यातून एक, साहेबांनी वाचून मग मुलाला. माझी पहिली दोन पत्रं तशीच परत आली. मग मी युक्ती काढली. भिवाची आई, सीताकाकी, तिला अक्षर येत नव्हतं. तिच्या नावाने मीच लिहू लागलो. मराठीत माझा शाळेत पहिला नंबर. साहेबांच्या नजरेखालून जाणारं पत्र, म्हणून मी ते अगदी शुद्ध, नेटकं लिहीत असे: 'तुझी प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. वर्तन चांगले ठेवावे. येथील सर्व क्षेम आहे.' काकी मजकूर ऐकून मान हलवायची आणि म्हणायची, "बरा लिवलंस रे. मामलेदारासारखा." मलाही तसंच वाटायचं.

भिवाची उत्तरं आधी पानभर येत, मग चार ओळी, मग थांबली. मी मॅट्रिकच्या वर्गात होतो तेव्हा तिथल्या साहेबांचं पत्र आलं की मुलाने पळून जायचा प्रयत्न केला, पकडला गेला, आणि तेव्हापासून तो कोणाशी बोलत नाही, धड जेवतही नाही. काकीने ते ऐकलं, हातातली कोयती धुतली आणि म्हणाली, "माका थंय व्हर." गावची जत्रा तोंडावर होती. आयुष्यात न चुकलेली जत्रा सोडून ती माझ्याबरोबर फोंडा घाटाच्या मोटारीत बसली. मोटार लागून बिचारी घाटभर ओकत होती. फडक्यात देवाचा एक नारळ बांधून घेतला होता, तो मात्र तिने मांडीवरून हलू दिला नाही.

एवढं करून फाटकावर पोचलो, तर शिपाई म्हणाला, "त्याची भेट बंद आहे. पळाला होता ना, शिक्षा आहे. पुढच्या महिन्यात या." काकीने हात जोडले, मी माझी सगळी शुद्ध मराठी वापरून पाहिली, तो नियमाबाहेर जाईना, आणि त्याचा तरी काय दोष. आम्ही फाटकासमोर उन्हात बसलो. परत जायचं तर कुठल्या तोंडाने, हे दोघांनाही कळत नव्हतं. तेवढ्यात बैलगाडी हाकत एक म्हातारा चालला होता. त्याने गाडी थांबवली. "हितं उन्हात कशाला करपताय, मावशी? भिंतीच्या मागल्या अंगाला चिंच हाय. जावा, सावलीला बसा." एवढंच बोलला आणि गेला. आम्ही उठलो, वळसा घालून मागे गेलो. उंच दगडी भिंत आणि तिच्यालगत चिंच.

सावलीत बसल्यावर काकीने नारळ सोडला. "आज थंय गाऱ्हाणा सुरू झाला आसतला," ती म्हणाली. आमच्याकडे जत्रेला देवापुढे उभं राहून एक माणूस गावाची सुखदुःखं मोठ्याने सांगतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ते म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य सुरू होत नाही. काकीने नारळ माझ्या पुढ्यात ठेवला. "तू घाल गाऱ्हाणा."

"मी काय गुरव आसंय?"

"बायल माणसान घालूची रीत नाय, म्हणान तुका सांगतंय. नायतर मीच घातला असता. एवढी पुस्तकां वाचतंस, चार वाक्यां देवाक सांगूक येवची नाय?"

देवावर माझा विश्वास उरलेला नाही, हे त्या माउलीला कुठल्या तोंडाने सांगणार? उभा राहिलो आणि शाळेतल्या प्रार्थनेसारखं हळू आवाजात काहीतरी सुरू केलं. तिने मध्येच थांबवलं. "देव बहिरो आसा काय? आणि ह्या खंयचा बोलणा? आपल्या देवाक कळात असा बोल."

मग मी डोळे मिटले आणि गुरव बोलतो तसा, आमच्या भाषेत, घसा ताणून बोललो. "बा रवळनाथा, समिंदराच्या काठावरसून तुझी लेकरां आज परमुलखात येवन उभी आसत रे म्हाराजा!" काकी म्हणाली, "व्हय म्हाराजा." "तुझो एक झील ह्या भिंतीआड आडाकलो हा, तेका बोलतो कर, जेवतो कर रे म्हाराजा!" काकीचा आवाज फुटेना. ती पदर तोंडाला लावून बसली होती. गाऱ्हाणं अडलं. आणि त्या अडलेल्या जागी भिंतीच्या पलीकडून आवाज आला, घोगरा, वापर नसलेला. "व्हय म्हाराजा."

मी पुढे काय बोललो ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की मी थांबलो नाही आणि दर वाक्याला पलीकडून उत्तर येत राहिलं. पुढे तर आणखी दहापंधरा पोरांचे आवाज त्यात मिसळले. त्यांना गंमत वाटली असेल. शिपाई धावत आला, मागून साहेब आले. साहेबांनी आधी आम्हाला झापलं, मग विचारलं, "हे काय चाललं होतं?" मी सांगितलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. म्हणाले, "तो मुलगा इतके दिवस एक शब्द बोलला नाही." आणि शिपायाला म्हणाले, "दहा मिनिटं भेटू दे."

डोकं भादरलेला, हाडं दिसणारा भिवा बाहेर आला. आईच्या गळ्यात पडून रडून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, "काय तुझो आवाज रे. आमचो पाडो तुझ्यापेक्षा बरो हंबारता." काकी रडता रडता हसली. मग त्याने विचारलं, "आये, ती पत्रां कोणाकडसून लिवन घेतलंस? माका वाटला, तुम्ही माका सोडलास, आणि हयलोच कोण कारकून तुझ्या नावान लिवता."   काकीने माझ्याकडे पाहून हळूच म्हटलं, "मामलेदार."

पुढे साहेबांच्या परवानगीने काकी बोलेल तशीच्या तशी पत्रं मी लिहिली: पेडवे मासे किती गावले, कोणाची म्हस व्याली, कोण कोणाशी भांडलं. साहेबांना त्यातलं निम्मं कळत नसे. एकदा त्यांनीच पत्राखाली लिहून विचारलं होतं की 'कालवां' म्हणजे काय; खडकाला चिकटलेले शिंपले, असं मी कळवलं.

भिवाने नंतर सांगितलं की तो एरवी विणकामाच्या शेडमध्ये, पार दुसऱ्या टोकाला असायचा. त्या दिवशी पुढल्या विहिरीचा रहाट मोडला म्हणून पोरांना मागल्या विहिरीवर पाणी काढायला लावलं होतं. रहाट लाकडाचा, तो मोडतोच. गाडीवानही रस्त्याने रोज जात असेल. यातलं काय कोणी घडवलं, याची चर्चा मी कोणाशी करत नाही. देवळात पुन्हा जाऊ लागलो, एवढं मात्र खरं. त्या उजव्या पाकळीचा अर्थ मला आजही लागलेला नाही आणि आता तो लावायची घाईही नाही. पूर्वी मी देवाकडे जायचो तो निकाल मागायला, आणि तोही माझ्या मनासारखा. त्या भिंतीशी माझ्याकडे युक्ती उरली नव्हती, शुद्ध भाषा उरली नव्हती, विश्वाससुद्धा उरला नव्हता. हात रिकामे झाल्यावर जे मिळालं ते घ्यायला जागा झाली, असं मला वाटतं. भिवाची सुटका त्या दिवशी झाली नाही. तो मुदत भरल्यावरच सुटला. पण तोवर तो जगला, बोलला, आणि आमचाच राहिला. त्या ओळख ना पाळख गाडीवानाला मी अजून रोज मनात नमस्कार करतो.

भिवा सुटून आला तो सुतारकाम शिकून. आमच्याच किनाऱ्यावर माडाच्या झापांची शेड घालून तो होड्या बांधू लागला. त्याची पहिली होडी पाण्यात उतरली, त्याच वर्षी मी बी.ए. झालो. आमच्या वाडीतला मी पहिला पदवीधर, आणि तो पहिला होडी बांधणारा.