कशात चुरणार?

भवानी पेठेतली गौरव्वा वाळवलेली, महिनोन्महिने टिकणारी कडक भाकरी विकायची, पण गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेतल्याशिवाय नाही. "कशात चुरणार?" हा तिचा पहिला प्रश्न. कुणी "बघू" म्हणालं की भाकऱ्या परत टोपलीत. "न्हाय मिळणार. आमटीत भिजवायला येळ नसंल तर बिस्कीट खा जा." मीही एकदा असाच रिकाम्या हातानं परतलो होतो. वर "मास्तर असून एवढं कळंना की" हेही ऐकून घेतलं होतं.

सीमेवर लढाई पेटली आणि तिकडची गावंच्या गावं निर्वासितांच्या छावणीत आली. आमच्या मंडळानं धान्याचा ट्रक काढला. गौरव्वानं आपणहून बारा खोकी भाकऱ्या दिल्या. डॉक्टरांनी तिला चुलीपुढं बसायची बंदी केली होती, तरी ती खोकत खोकत थापत राहिली. ट्रक निघताना मला म्हणाली, "भाकरी कुनीबी दील. भिजवून खावा म्हनून सांगनारा पायजे. तेवढं तुमी सांगा." मी मान डोलावली.

छावणीत झुंबड उडाली. अध्यक्षांना फोटोची घाई, आणि फोटोत मलाही यायचं होतं. सांगायचं राहूनच गेलं. एका म्हाताऱ्यानं भाकरी तशीच चावली आणि त्याचा दात हातात आला. दाताकडं बघत तो म्हणाला, "घर तो गया ही था, साब." पलीकडे बायका भाकऱ्या खेचरांपुढं टाकत होत्या. तेव्हाही मला तोंड उघडता आलं असतं. पण लाज वाटली, आणि मी ट्रकमध्ये जाऊन बसलो.

परत आलो तर गौरव्वा माझ्या दारात. "कशात चुरल्या त्यांनी?"

"दुधात," मी म्हणालो.

"दूध मिळतंय व्हय पोरांस्नी?" तिचा चेहरा उजळला. "बरं झालं बाई. मग आनखी करते की."

खरं सांगितलं असतं तर चार शिव्या देऊन ती घरात निजून राहिली असती. ती महिनाभर धुरात बसली. शेवटची चवड वाळत होती, तेव्हा चुलीपुढंच गेली. त्या एका शब्दानं मी तिला मारलं, दुसरं काय म्हणू?

तोवर छावणीही उठली होती. लेकीनं खोकी माझ्याकडं आणून ठेवली. "मास्तरांच्याच हातात दे म्हनली हुती आई. तुमी नीट सांगताय म्हनं."

मी रोज एक भाकरी आमटीत चुरून खातो. पाच महिने झाले. अजून सहा खोकी आहेत, आणि एकही भाकरी नासलेली नाही.