आधी कोंडा, मग गहू

जेवून तास झाला तरी भानुदासच्या दाढेखालची कच जात नाही. जीभ फिरवली की करकरते. स्वयंपाकघरात, जात्याशेजारी, भिंतीला टेकून तो बसलाय. जात्याभोवती गोणपाटावर सकाळपासूनचं पीठ गोल पडलंय. ते भरायचं त्याच्या जिवावर आलंय. शेजारच्या घरात कुणीतरी शेंगा फोडतंय. तो आवाज हळूहळू लांब जातो आणि डोळे मिटतात.

उद्या लेक येणार आहे, मंदा. बायको कौसा जाऊन पाच महिने झाले, आता बापानं एकट्यानं राहू नये असं तिचं म्हणणं. कोठीतला गहू कुणाला तरी देऊन टाका, शहरात पीठ पिशवीत आयतं मिळतं, असं ती फोनवर म्हणाली. भानुदास तापला. तुझ्या आईनं लिंबाचा पाला घालून भरलेला गहू आहे, मी तो घरच्या जात्यावर दळून खाणार, म्हणाला. त्यावर मंदा हसली. मग एक पोळी मला खाऊ घाला, म्हणाली. जमली तर राहा, नाहीतर मुकाट्यानं गाडीत बसायचं. भानुदास बरं म्हणून बसला. जातं गुळगुळीत झालेलं म्हणून पाथरवटाकडून छिन्नीनं टाकी लावून दगड खरबरीत करून घेतला. तेव्हापासून दोन दिवस पोळीत कच आहे. आजची पोळी कुत्र्यानंही हुंगून सोडली.

जात्याचा खुंटा हलतो. भानुदासचा हात त्यावर आहे, पण ओढणारा हात दुसरा आहे. समोर कौसा बसलीय. खुंटा दोघांच्या मुठीत आहे आणि दगड सरळ फिरतोय.

कौसा पिठात बोट घालते, चाखते, तोंड वाकडं करते.

"टाकी लावली आणि थेट गहू घातला?"

"मग काय घालायचं?"

"कोंडा. आधी कोंडा दळायचा, दोन वेळा. दगडाची सगळी कच त्यात निघते. तो टाकून द्यायचा, दगड पुसायचा, मग गहू."

"हे कधी सांगितलं नाहीस."

"कधी विचारलंत?"

तो जात्याच्या तोंडात मूठभर गहू ओततो. ती त्याची मूठ धरून अर्धे दाणे परत सुपात टाकते. एवढा मोठा घास माणसाच्या तरी घशाखाली उतरतो का, म्हणते.

आता जातं दवाखान्यात आहे, वॉर्डाच्या मधोमध. पांढरी फरशी, खाटांची रांग. नर्सबाई पीठ तुडवलं जाऊ नये म्हणून पाय उचलून चालतेय. कुणी काही म्हणत नाही. भानुदासला आठवतं, इथं शेवटचे चार दिवस तिला तोंडानं काही द्यायचं नाही असं सांगितलं होतं. तो तिला ते सांगतो. मी डब्यात पोळी आणली होती, रोज परत नेत होतो, म्हणतो.

"ठाऊक आहे," ती म्हणते. "वास येत होता."

खाटा राहत नाहीत. चारी बाजूंना कापलेलं गव्हाचं रान आहे, पायांना धसकटं टोचतायत. कौसा खुंटा ओढताना थांबत नाही. हळूच म्हणते, "मंदा चुकीचं बोलत नाही. जावा तिच्याकडं."

भानुदास हात थांबवतो. जातं थांबतं.

"तू पण?"

"बाईमाणसाचं काम तुम्ही करताय. गाव हसतंय."

"हसू दे. लाईट नव्हती त्या साली ह्याच गावानं तुझ्या जात्यावर रांग लावली होती. घरात गहू आहे, दगड आहे, हात आहेत. मी दुसऱ्याच्या पिशवीतलं पीठ खाणार नाही."

"दीड पोतं आहे कोठीत. ते संपल्यावर?"

"संपवणार नाही सगळं. पायलीभर ठेवीन आणि पेरीन."

आयुष्यभर भांडणात हरली की कौसा काम पुढे चालू करायची. आताही ती खुंटा ओढते. भानुदासला आपला हातही ओढावाच लागतो.

शेंगा फोडल्याचा आवाज जवळ येतो. मान भिंतीला अवघडलीय. हात खुंट्यावर आहे, जातं थांबलेलं आहे, समोर कुणी नाही. दारातून तिरपं ऊन आत आलंय.

भानुदास गोणपाटाकडे बघतो. पीठ गोल पडलेलं होतं, ते आता पुरतं गोल नाही. समोरच्या बाजूला, माणूस जात्याशी पाय लांब सोडून बसतं तेवढी जागा पुसल्यासारखी मोकळी आहे.

तो वाकून कच असलेलं पीठ सुपात भरतो. त्या मोकळ्या जागेला हात लावत नाही. मग कोंड्याचा डबा आणायला उठतो.